लाइव्ह रोलप्ले खेळांतील लिंगभाव

लाइव्ह रोलप्ले, म्हणजेच लार्प, हा एखादे पात्र स्वतःच्या अंगाने, वेशाने आणि बोलण्याने खेळण्याचा प्रकार आहे. लिहिलेली संहिता नसते, समोर प्रेक्षकही नसतात. प्रत्येकाला आपल्या पात्राची माहिती, हेतू आणि एखाददुसरे गुपित दिलेले असते. पुढचे सगळे आयत्या वेळी घडते. ठाणे आणि नवी मुंबईत हा प्रकार लोकांना भेटतो तो बहुतेक ‘मर्डर मिस्ट्री’च्या रूपात: घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाला, नाहीतर ऐरोली-महापेच्या कंपन्यांत ‘टीम बिल्डिंग’च्या नावाखाली. पुरुषांना यात मारामारी हवी असते आणि बायकांना नातीगोती, असे सरसकट म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण थोडे. कोण काय खेळतो हे स्वभावापेक्षा पात्र लिहिणारा, नियम करणारा आणि खेळाची वेळ ठरवणारा यांच्यावर जास्त अवलंबून असते.

लार्पचा एक मोठा प्रवाह १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळातून निघाला, आणि तो खेळ सैन्ये मांडून खेळायच्या युद्धाच्या पटांवरून. ते पट मांडणारे बहुतांशी पुरुषच होते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच १९७८ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नियमपुस्तकात मानवी स्त्री-पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुष-पात्रापेक्षा कमी छापलेली होती. ड्रॅगन चालत होते, मेलेली माणसे उठवणारे मंत्र चालत होते. बाई पुरुषाइतकी दणकट असणे तेवढे अवास्तव ठरले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही अट गेली. मधल्या काळात, १९८३ साली, एक पुस्तक आले. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी या खेळाडूंमध्ये बसून अभ्यास केला होता. बायका मोजक्याच असल्याची नोंद त्यांनी केली, आणि खेळातल्या स्त्री-पात्रांच्या वाट्याला काय येते हेही लिहून ठेवले. मैदानात उतरून खेळणाऱ्या गटांत अमेरिकेतला ‘दागोरहिर’ (१९७७) आणि इंग्लंडमधल्या पेकफर्टन किल्ल्यात सुरू झालेला ‘ट्रेझर ट्रॅप’ (१९८२) हे सुरुवातीचे. दोन्हींचा गाभा लढाईचा होता.

आवडीनिवडींबद्दल आकड्यांनिशी बोलणारा अभ्यास प्रामुख्याने ऑनलाइन खेळांचा आहे. या खेळांचे अभ्यासक निक यी यांच्या पाहण्यांत पुरुष खेळाडू जिंकण्याकडे आणि वरचढ होण्याकडे जास्त झुकलेले दिसले, तर स्त्रिया टिकाऊ नाती जोडण्याकडे. मात्र नुसत्या गप्पाटप्पांची हौस दोघांत जवळपास सारखीच निघाली, आणि जिंकण्याच्या ओढीतला फरक लिंगापेक्षा वयाने जास्त ठरत असल्याचे आढळले. हे निष्कर्ष लार्पला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पडद्यावर पुरुषाने स्त्री-पात्र घेणे ही रोजची गोष्ट आहे. लार्पमध्ये उंची, आवाज, दाढी सगळे सोबत येते आणि दुसरा खेळाडू प्रत्यक्ष हाताच्या अंतरावर उभा असतो.

बायकांना संघर्ष नको असतो, हे ठाण्यातल्या कुणाला सांगून पटणार नाही. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर जागवणाऱ्या बायकांनी लार्पचे नाव ऐकलेले नसते, पण त्या जे करतात ते त्याच जातीचे आहे. सासू-सुनेचे, सवतीसवतींचे भांडण उभे करायचे, तर एक जण पदर खोचून कंबरेवर हात ठेवते, दुसरी बोटे मोडते, आणि बाकीच्या दोन तट पाडून बाजू घेतात. वाक्ये थोडी परंपरेची, थोडी जागच्या जागी सुचलेली. सुनेची भूमिका करणारी कधी कधी खरी सासू असते आणि तिला चांगलेच सुनावून घेणारी तिचीच सून. या उलटापालटीलाच सगळ्यांत जास्त हशा पडतो. मध्येच कोंबडा होऊन उकिडव्याने उड्या, फुगडी, लाटणे, सूप. चाळिशीपुढच्या बाईचा दम काढणारे हे प्रकार रात्रभर चालत. आता नऊवारीतले ग्रुप हॉलमध्ये ठरलेल्या वेळेत ते सादर करतात आणि त्यातला आयत्या वेळचा भाग कमी होत चालला आहे, हे नुकसानच. भोंडल्याच्या गाण्यातही सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू एकामागून एक काम काढत राहते. म्हणजे सत्ता, अडवणूक, डावपेच सगळे हजर, फक्त तलवार नाही. मुलांनी गल्लीत चोर-पोलीस खेळायचे आणि मुलींनी भातुकली मांडायची ही विभागणी घरातली मोठी माणसे करतात. पुढे क्लबहाऊसमधल्या खेळात डिटेक्टिव्ह आपोआप पुरुष होतो आणि ‘मयताची बायको’ कुणा मैत्रिणीच्या गळ्यात पडते.

वेशांतराचे गणितही दोन्ही बाजूंना सारखे नाही. गुढीपाडव्याला ठाण्यातल्या स्वागतयात्रेत फेटा बांधून, नऊवारीत बुलेटवर निघालेल्या बायकांचे फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरतात. बाईने वीराचा आव आणला की कौतुक होते. पुरुष साडी नेसून आला की लोक आधी हसतात. या मराठी मुलखात नेहमीच असे होते असे नाही. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) रंगवलेल्या नायिका कुणी थट्टेवारी नेल्या नाहीत, उलट त्यांच्या साड्या आणि दागिन्यांची ढब घरंदाज बायका उचलत. लार्पमध्ये स्त्री-पात्र गंभीरपणे खेळू पाहणाऱ्या पुरुषाची खरी अडचण त्याचे सोबती असतात. त्यांनी डोळा मारला की पात्र तिथेच संपते. ट्रान्स आणि स्वतःची लिंगओळख चाचपडणाऱ्या काही खेळाडूंसाठी मात्र हा खेळ वेगळ्या नावाने, वेगळ्या वेशात काही तास वावरून पाहण्याची जागा ठरला आहे.

मराठीत खेळताना क्रियापद घात करते. पुरुष-पात्र घेतलेली मुलगी ‘मी काल वाड्यावर गेलो होतो’ असे चार वाक्ये नीट बोलते आणि भांडण तापले की ‘थांब, सांगते तुला’ म्हणून मोकळी होते. कोल्हापूरकडच्या मुलींची यातून सुटका आहे, त्या एरवीही ‘येतो’, ‘जातो’ म्हणतात. कुणीही घेऊ शकेल असे पात्र लिहायचे तर शशी, किरण, सुहास अशी नावे घेऊन सगळी माहिती ‘तुम्ही पत्र लपवलंत’, ‘तुम्ही वाड्यात राहता’ अशी आदरार्थी लिहिणे सोयीचे पडते.

लिंगभावावर सर्वांत धीट प्रयोग उत्तर युरोपात झाले. तिथल्या लार्प करणाऱ्यांचे ‘क्नूटेपुंक्त’ हे संमेलन १९९७ साली ऑस्लोत सुरू झाले. स्वीडनमधल्या ‘मेलान हिम्मेल ओक हाव’ (२००३) या खेळात स्त्री-पुरुष ही विभागणीच काढून ‘सकाळची माणसे’ आणि ‘संध्याकाळची माणसे’ अशी दोन लिंगे मानली होती. त्याच खेळासाठी ‘आर्स अमांडी’ ही रीत तयार झाली: पात्रांमधली शारीरिक जवळीक फक्त हात, दंड आणि मानेच्या स्पर्शातून दाखवायची. त्यामुळे प्रेमाचा प्रसंग कुठल्याही जोडीला खेळता येऊ लागला. नॉर्वेत २०१० साली जगातले सगळे पुरुष मेले आहेत अशी कल्पना करून खेळ झाला. त्यात सत्ता, हिंसा, निर्णय या सगळ्या भूमिका स्त्री-पात्रांकडेच आल्या. खेळ थांबवण्यासाठी ‘कट’ आणि प्रसंगाची धार कमी करण्यासाठी ‘ब्रेक’ असे म्हणायची सोयही याच परंपरेतली.

ठाणे-नवी मुंबईत फरक पडतो तो यापेक्षा साध्या गोष्टींनी. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. बिबळ्याच्या जंगलालगत अंधार पडेपर्यंत खेळ रंगवणे कुणालाच परवडत नाही. खारघरच्या सेंट्रल पार्कात मोकळी जागा भरपूर आहे, पण नऊवारी किंवा चिलखत चढवायला आडोसा कुठला? घरून वेश करून निघायचे तर ट्रान्स-हार्बरच्या डब्यात ठाण्यापासून बेलापूरपर्यंत लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात. संध्याकाळी सातला सुरू होणारा चार तासांचा खेळ पुरुषांना सोयीचा वाटतो. बायका शेवटचा अंक सोडून निघतात आणि मग ‘त्या मनापासून खेळत नाहीत’ असे म्हटले जाते. हाच खेळ रविवारी सकाळी दहाला ठेवला, कपडे बदलायला खोली दिली, की हा आरोप बराचसा विरतो.

जाणते आयोजक म्हणूनच पात्रे वाटताना खेळाडू बाई की पुरुष हे पाहत नाहीत. ते आधी छोटा फॉर्म भरून घेतात: भांडण हवे की कट-कारस्थान, पात्राच्या वाट्याला प्रेमप्रकरण चालेल का, अंगाला हात लागलेला चालेल का, घरी किती वाजता पोहोचायचे आहे. स्पर्शाचा प्रश्न फक्त बायकांनाच विचारला, तर तो नको असलेल्या पुरुषांची अडचण खेळ सुरू झाल्यावरच कळते.