मांजराला उन्हाळी लागणे

पाळीव मांजराला लघवी करताना त्रास होणं, थेंब थेंब होणं, लालसर होणं किंवा अजिबातच न होणं या सगळ्याला नागपूरकडे बरेच लोक एकच शब्द वापरतात, उन्हाळी लागली. शब्द मुळात माणसांसाठीचा, उन्हानं लघवीला आग होते त्याचा, आणि तिथूनच तो घरच्या मांजराकडे आला असावा. मूतखडा, लघवी तुंबली, लघवी अटकली हेही म्हणतात. आयुर्वेदात मूत्रकृच्छ्र म्हणजे त्रासाने होणारी लघवी आणि मूत्राघात म्हणजे अडलेली लघवी असे दोन वेगळे विकार धरलेत, आणि मांजराच्या बाबतीत नेमका हाच फरक जीवनमरणाचा आहे. बोलीतल्या उन्हाळीत तो पुसला जातो. माणसाला उन्हाळी लागली तर सब्जा, ताक, धने-जिऱ्याचं पाणी घेऊन दोन दिवस वाट पाहिली तरी चालतं, बोक्याची लघवी अडली असेल तर तेच दोन दिवस त्याचा जीव घेतात.

पशुवैद्यकातल्या नावाचा इतिहास बराच गुंतागुंतीचा आहे. १९७० मध्ये ऑस्बाल्डिस्टन आणि टाउसिग यांनी ४६ मांजरांवरच्या अहवालात फीलाइन युरॉलॉजिकल सिंड्रोम, म्हणजे मांजराच्या लघवीच्या तक्रारींचा समूह, हे नाव वापरलं, आणि पुढे कितीतरी वर्षं तो जणू एकच रोग आहे असं समजून उपचार होत राहिले. १९८० च्या दशकात मिनेसोटाचे कार्ल ऑस्बॉर्न आणि सहकाऱ्यांनी ते मोडीत काढून एफएलयूटीडी, म्हणजे मूत्रमार्गाच्या खालच्या भागाचे आजार, असं व्यापक नाव पुढे आणलं, कारण खडा, नलिकेत बसणारं बूच, जंतू, गाठ आणि विनाकारण वाटणारी सूज हे सगळे वेगवेगळे आजार बाहेरून अगदी सारखे दिसतात. कारणाबद्दलचा वाद तर त्याहून जुना. कॉर्नेल विद्यापीठात कॅथरीन फॅब्रिकंट आणि सहकाऱ्यांनी १९६९ च्या सुमारास विषाणूचा मुद्दा मांडला, तो आज फारसा कोणी धरत नाही. मग कोरड्या खाद्यातल्या राखेवर म्हणजे एकूण खनिजांवर दोष गेला, नंतर एकट्या मॅग्नेशियमवर. पण मॅग्नेशियम ऑक्साइड घातलेल्या खाद्याने खडे होतात आणि मॅग्नेशियम क्लोराइडने होत नाहीत असं प्रयोगात दिसलं, कारण पहिल्याने लघवी अल्कधर्मी होते आणि दुसऱ्याने आम्लधर्मी राहते, म्हणजे मॅग्नेशियम किती यापेक्षा लघवीचा पीएच किती हे जास्त महत्त्वाचं ठरलं.

मांजरात मुख्य खडे दोन, स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्सलेट. स्ट्रुव्हाइट म्हणजे मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट. हे नाव १८४५ मध्ये हॅम्बुर्गच्या गेऑर्ग उलेक्स यांनी फॉन स्ट्रुव्ह यांच्यावरून दिलं. कुत्र्यात हा खडा बहुतेक वेळा जंतुसंसर्गातून होतो, मांजरात बहुतेक वेळा जंतू नसतानाच. १९८० च्या सुरुवातीला मांजराचे तपासलेले बहुतांश खडे स्ट्रुव्हाइटचेच निघत, पुढे खाद्य कंपन्यांनी मॅग्नेशियम कमी करून लघवी आम्लधर्मी करायला सुरुवात केली आणि ऑक्सलेटचं प्रमाण वाढत गेलं. एक दुसऱ्यामुळेच झालं असं ठामपणे म्हणता येत नाही, पण संबंध असावा याकडे अभ्यासकांचा कल आहे. फरक उपचारात पडतो. स्ट्रुव्हाइट खास खाद्याने काही आठवड्यांत विरघळतो, ऑक्सलेट विरघळत नाही, तो काढावाच लागतो. एक्सरेवर मात्र दोन्ही दिसतात. आणखी एक, लघवीचा नमुना डबीत बराच वेळ पडून राहिला किंवा फ्रिजमध्ये ठेवला की त्यात नंतर स्फटिक तयार होतात, म्हणून अर्ध्या-एका तासात तपासलेला रिपोर्टच धरावा. उशिरा पोचलेल्या नमुन्यावरून महागडं खाद्य सुरू झालेलं मी पाहिलंय.

नागपुरात बोरच्या खाऱ्या पाण्यालाही दोष देतात. त्याला ठोस पुरावा नाही, मांजर एकूण किती पाणी पितं हा मुद्दा मोठा आहे.

तरुण मांजरात निम्म्याहून जास्त वेळा खडाही सापडत नाही, जंतूही नाही. याला इडिओपॅथिक सिस्टायटिस, म्हणजे कारण न सापडणारी मूत्राशयाची सूज, म्हणतात. ओहायोचे टोनी बफिंग्टन यांनी २०११ मध्ये याला पँडोरा सिंड्रोम हे नाव सुचवलं, म्हणजे मूत्राशय हा त्रास जिथे दिसतो ती जागा, मूळ मात्र शरीराच्या ताणव्यवस्थेत. नाव सगळ्यांनी घेतलं नाही पण विचार बराच मान्य झालाय. घर बदललं, दुसरं मांजर आलं, पाहुणे राहायला आले, दिवाळीचे फटाके, महाल-इतवारीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक आणि तिचे ढोल, एवढं कारण पुरतं. न अडलेला असा त्रास बहुधा पाच-सात दिवसांत आपोआप ओसरतो, आणि म्हणूनच प्रत्येक औषध लागू पडल्यासारखं वाटतं. अँटिबायोटिकची गरज क्वचित असते, जंतुसंसर्ग जास्त करून दहा वर्षांवरच्या मांजरात सापडतो. दुखणं कमी करायचं औषध मात्र द्यायलाच पाहिजे, तेही डॉक्टरांनी.

ओळखायचं कसं, तर मांजराचा लघवी-संडासचा टब पाहून. त्यात ओली झाली की गोळा होणारी विकतची रेती (लिटर) असेल तर दिवसाला साधारण दोन ते चार, लिंबाएवढे गोळे निघतात. त्याऐवजी रुपयाच्या नाण्याएवढे आठ-दहा निघाले तर थेंब थेंब होऊन राहिली आहे, आणि सकाळपासून एकही नाही तर अडली असं समजायचं. साधी रेती वापरणाऱ्यांना हे कळत नाही, त्यांनी एक दिवस टबात कागद टाकून पहावा. मांजर टबात जातं, कमरेतून वाकतं, शेपटी थरथरते, एक बारीक ओढून काढलेला आवाज, दोन थेंब, बाहेर येऊन खालची जागा चाटतं आणि पुन्हा टबात. गादीवर किंवा बाथरूमच्या गार फरशीवर लघवी करणं हेही बहुतेकदा दुखण्यामुळे असतं, राग म्हणून नाही, त्यासाठी मारू नये.

सगळ्यात घात करणारी चूक म्हणजे कुंथणं पाहून संडास अडली समजणं. "दोन दिवसांपासून साफ होऊन नाही राहिली डॉक्टर, एरंडेल दिलं" असं म्हणत बोका आणतात आणि पोटाला हात लावला की छोट्या संत्र्याएवढी टणक, गच्च भरलेली पिशवी लागते. ती घरी दाबून पाहू नये, फुटू शकते. बोक्याची मूत्रनलिका टोकाला फार अरुंद असते, तिथे खड्याचा कण किंवा श्लेष्मा आणि स्फटिकांचं बूच बसतं. पूर्ण अडल्यावर २४ ते ४८ तासांत रक्तात विषारी द्रव्यं आणि पोटॅशियम चढतं, उलट्या होतात, अंग गार पडतं, हृदयाची गती मंदावते आणि साधारण तीन दिवसांत मृत्यू येतो. भाटीत, म्हणजे मादी मांजरात, हे क्वचित.

म्हणून बोका कुंथतोय आणि लघवी दिसत नाही तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठायचा. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात खाजगी दवाखानेही आहेत, पण रात्री कोण उघडं असतं ते आधीच विचारून नंबर लिहून ठेवावा. तिथे सलाइन, हृदयासाठी कॅल्शियम, गुंगी देऊन कॅथेटर म्हणजे लघवीची नळी अशी पायरी असते, आणि नळी काढल्यावरही काही दिवस लक्ष ठेवावं लागतं कारण पुन्हा अडतं. घरातलं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसांचं लघवीच्या जळजळीचं सिरपही देऊ नये, त्याने लघवी अल्कधर्मी होते आणि स्ट्रुव्हाइटला तेच पाहिजे असतं.

पाण्याचं म्हणाल तर मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, घट्ट लघवी करून पाणी वाचवणारे, तहान लागली तरी ते उशिरा पितं. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला २०० मिलीच्या आसपास पाणी लागतं. कोरड्या दाण्यात जेमतेम दहा टक्के पाणी, ओल्या खाद्यात पाऊणहून जास्त. नागपूरच्या मे महिन्यात, जिथे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, दाण्यांवरच्या मांजराला हा फरक भरून काढणं अवघड जातं. दाणे भिजवून देणं, बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं चिकनचं पाणी, मातीच्या परळात गार पाणी आणि तेही जेवणाच्या वाटीपासून लांब दोन-तीन ठिकाणी, एवढं जमतं. कूलरच्या टाकीतलं पाणी बऱ्याच मांजरांना आवडतं, पण त्यात डासांचं औषध टाकलेलं असेल तर झाकून ठेवावं. टब मांजरांपेक्षा एक जास्त.

लहान वयात नसबंदी केल्याने नलिका अरुंद राहते हा समज मोजमापाच्या अभ्यासांत टिकला नाही, लघवी अडण्याला नंतर वाढणारं वजन आणि घरात पडून राहणं हे कारण जास्त पटतं. वारंवार अडणाऱ्या बोक्यावर पेरिनियल युरेथ्रोस्टोमी करतात, म्हणजे टोकाचा अरुंद भाग काढून रुंद भागाला तोंड देतात. आजची पद्धत १९७१ मधल्या विल्सन आणि हॅरिसन यांच्या वर्णनावर उभी आहे. त्यानंतर बूच बसणं बरंच थांबतं, मूत्राशयाची सूज मात्र पुन्हा येऊ शकते.