पीएच ५ (टांगता दिवा)

पीएच ५ : डेन्मार्कमधील वास्तुविशारद व लेखक पोल हेनिंगसेन (१८९४–१९६७) यांनी १९५८ मध्ये तयार केलेला, छताला टांगायचा दिवा. लुई पोल्सन ही डॅनिश कंपनी तेव्हापासून आजतागायत तो बनवते. ‘पीएच’ ही हेनिंगसेन यांची आद्याक्षरे; डेन्मार्कमध्ये त्यांना याच दोन अक्षरांनी ओळखत. ५ हा आकडा मोठ्या शेडच्या ५० सेंमी. व्यासावरून आला. अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या गोल शेड एकीखाली एक अशा बसवल्या आहेत, की जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला बल्ब कोणत्याही बाजूने दिसत नाही. या दिव्याचे सगळे मर्म तेवढ्यात आहे.

उघडा विजेचा बल्ब डोळ्यांवर येतो आणि खोलीत काळ्याकुट्ट सावल्या पाडतो, ही हेनिंगसेन यांची जुनी तक्रार. त्यावर उपाय शोधत त्यांनी लुई पोल्सनबरोबर काम सुरू केले. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे दिवे गाजले. १९२६ मध्ये कोपनहेगनच्या ‘फोरम’ या प्रदर्शनगृहासाठी तीन शेडची रचना पक्की झाली. शेडचा वक्र त्यांनी लॉगॅरिदमिक सर्पिलावरून घेतला. या सर्पिलाच्या केंद्रातून निघालेली प्रत्येक रेषा वक्राला सारख्याच कोनात छेदते. बल्बमधली तापून उजळणारी तार केंद्रापाशी ठेवली, की किरण शेडवर सगळीकडे एकाच तिरप्या कोनात, सुमारे ३७ अंशांत, पडतात. बल्बपासून दूर जाल तसा शेडचा उजेड हळूहळू मंदावतो, मध्येच कुठे झगझगीत पट्टा उमटत नाही. प्रकाशाचा मोठा भाग खाली टेबलावर जातो, थोडा बाजूंना पसरतो.

या गणितात एक मेख होती. तार नेमक्या जागी हवी, आणि बल्बचे कारखानदार तर आकार सतत बदलत राहिले. त्यात दुधी काचेचे बल्ब आले, म्हणजे प्रकाशाचा नेमका बिंदूच उरला नाही. पाव शतक वाट पाहून हेनिंगसेन यांनी कारखानदारांच्या शहाणपणाची आशा सोडली आणि बल्ब पुरता झाकून टाकणारा पीएच ५ काढला. यात नाताळातल्या दिव्यापासून शंभर वॉटच्या बल्बपर्यंत काहीही चालेल, ट्यूबलाइट तेवढी मावायची नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. तिरकस लिहिण्याची त्यांना सवयच होती. ‘क्रिटिस्क रेव्ही’ हे त्यांचे नियतकालिक (१९२६–२८) त्यासाठीच प्रसिद्ध होते.

शेडच्या आतल्या भागांना दिलेला लाल आणि निळा रंग केवळ शोभेचा नाही. माणसाच्या डोळ्याला पिवळा-हिरवा प्रकाश सर्वांत तीव्र जाणवतो. वर्णपटाच्या लाल व निळ्या टोकांना डोळा कमी संवेदनशील असतो. ती टोके थोडी उचलून धरावीत, हा हेतू. फरक डोळ्यांना जाणवतो तो मुख्यतः ऊबदारपणाचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोपनहेगनच्या टिव्होली उद्यानासाठी हेनिंगसेन यांनी विमानातून दिसणार नाहीत असे दिवे बनवले होते. ब्लॅकआउट, म्हणजे हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे झाकण्याची सक्ती, असूनही उद्यान रात्री उघडे राहू शकले. १९५८ मध्येच त्यांचा ‘आर्टिचोक’ हा ७२ पात्यांचा भव्य दिवा लँगेलिनी पॅव्हिलियन या उपाहारगृहासाठी तयार झाला. तो श्रीमंती थाटाचा. पीएच ५ मात्र डॅनिश घराघरांत गेला. ३० सेंमी. व्यासाची लहान आवृत्ती २०१७ मध्ये आली.

हा दिवा टेबलापासून साधारण ६० सेंमी. उंचीवर टांगतात. जुना नग घेताना शेडच्या कडांना पोचे आहेत का आणि वायर बदलण्याजोगी झाली आहे का, हे आधी पाहावे. रंग पुन्हा देण्याची घाई मात्र करू नये. आतला मूळ पृष्ठभाग मॅट असतो. त्यावर चकचकीत रंग चढवला, तर बल्बचे प्रतिबिंब त्यात दिसू लागते आणि तो पुन्हा डोळ्यांवर येतो.