पार्श्वभूमी : मतदार यादीत ‘राहतो’ म्हणजे नेमकं कुठे?

प्रभागाची प्रारूप यादी लागली की दोन दिवसांत निवडणूक शाखेच्या टेबलाशी गर्दी होते. कोणाची अख्खी सोसायटी शेजारच्या प्रभागात गेलेली असते. कोणाच्या वारलेल्या वडिलांचं नाव अजून असतं, तर कोणाचं स्वतःचंच नसतं. टेबलामागचा कारकून पहिल्याची हरकत लिहून घेतो आणि उरलेल्या दोघांना तहसील कचेरीत जायला सांगतो. त्या दोघांना ही टोलवाटोलवी वाटते. बहुतेक वेळा ती नसते. नगरपालिकेच्या टेबलाला विधानसभेच्या यादीत नाव घालण्याचा किंवा काढण्याचा अधिकारच नाही. तिथे फक्त यादी फोडली जाते.

‘यादी फोडणं’ हा निवडणूक शाखेतला रोजचा शब्द. विधानसभेची यादी भागांमध्ये असते आणि एका भागात साधारण हजार-बाराशे नावं असतात. प्रभागाच्या हद्दीचा या भागांशी काही संबंध नसतो. ती नाल्यावरून, रेल्वे रुळावरून, कधी एकाच गल्लीच्या मधून जाते. मग नकाशा घेऊन कर्मचारी एकेका नोंदीला प्रभाग क्रमांक देत बसतात. घर क्रमांकाच्या रकान्यात नुसती रेघ किंवा शून्य, पत्त्यात ‘मंदिराजवळ’. मंदिराच्या अलीकडे की पलीकडे, हे यादी सांगत नाही. काम आठवडाभरात उरकायचं असल्याने पुष्कळदा टेबलावरच ठरतं. सोसायट्या ‘पळवल्या’ जातात त्या इथे. कधी चुकून, कधी कोणाच्या तरी सांगण्यावरून. दोन्ही घडतं, आणि कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

ही व्यवस्था अशी का, हे समजायला १९९२च्या घटनादुरुस्त्यांकडे जावं लागतं. ७३व्या आणि ७४व्या दुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांच्या निवडणुका राज्यांच्या स्वतंत्र आयोगांकडे दिल्या. घटनेची शब्दयोजना स्पष्ट आहे : या निवडणुकांच्या मतदार याद्या तयार करण्याचं नियंत्रणही राज्याच्या आयोगाकडेच. महाराष्ट्रात हा आयोग १९९४मध्ये आला. पण राज्याच्या कायद्यांनी सोपी वाट धरली. ठरावीक तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी जशीच्या तशी घ्यायची आणि प्रभाग, जिल्हा परिषदेचे गट, पंचायत समितीचे गण यांप्रमाणे तोडायची. घरोघरी दोनदा फिरण्याचा खर्च वाचतो आणि एका माणसाची दोन सरकारी याद्यांत दोन वयं निघत नाहीत, हे त्यामागचं कारण. उत्तर प्रदेशात पंचायतींसाठी वेगळी यादी होते. तिथे घरोघरची फेरी दुसऱ्यांदा होते आणि वादही दुसऱ्यांदा होतात. आपल्याकडे वाद एकाच यादीवर होतात. मात्र ती यादी ज्याच्या हातात आहे तो अधिकारी स्थानिक निवडणुकीच्या वेळी समोर नसतो, आणि जो समोर असतो त्याला ती दुरुस्त करता येत नाही.

स्वातंत्र्याआधीच्या याद्यांबद्दल इथे फार सांगण्यासारखं नाही. मतदानाचा हक्क शेतसारा, भाडं, प्राप्तिकर आणि शिक्षण यांवर ठरत असे. त्यामुळे यादी महसुलाच्या दप्तरातूनच निघायची, आणि स्वतंत्र मतदारसंघ असल्याने ती धर्मवारही असायची. यादीचं काम महसूल खात्याकडे गेलं ते तेव्हापासून, आणि आजही ते तिथेच आहे. विधानसभा मतदारसंघाचा मतदार नोंदणी अधिकारी बहुधा प्रांताधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी असतो, त्याचा सहायक तहसीलदार.

खरी सुरुवात फाळणीनंतरची. घटना अजून लिहून व्हायची होती, तेव्हाच संविधान सभेच्या सचिवालयाने १९४८मध्ये प्रांतांना आणि संस्थानांना प्रौढ मताधिकाराची यादी करायला सांगितलं. अट होती त्या ठिकाणी किमान १८० दिवस राहण्याची. निर्वासितांचं काय? ज्यांचं घरच सीमेपलीकडे राहिलं होतं ते १८० दिवस कुठून आणणार? तेव्हा ठरलं की ‘मी इथे कायम राहणार आहे’ एवढं लिहून दिलं तरी निर्वासिताचं नाव घालायचं. यादीच्या इतिहासातला हा सर्वांत उदार निर्णय असावा, आणि तो घेतला कधी, तर नागरिकत्वाची व्याख्याही ठरलेली नव्हती तेव्हा.

त्याच पहिल्या यादीत दुसरी एक गोष्ट घडली आणि ती उदार नव्हती. अनेक स्त्रियांनी प्रगणकाला स्वतःचं नाव सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ अशा नोंदी झाल्या. केंद्रीय निवडणूक आयोगाने त्या नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि नाव कळवायला मुदत दिली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रिया १९५१-५२च्या निवडणुकीआधी यादीबाहेर गेल्या, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतून. एकूण मतदार तेव्हा १७ कोटींच्या घरात होते. तत्त्व म्हणून निर्णय बरोबर होता, हे मान्य. पण त्या बायकांचं पहिलं मत गेलं ते गेलंच.

आता शीर्षकातल्या ‘राहतो’ या शब्दाकडे. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात नाव घालण्याच्या दोनच मुख्य अटी आहेत : वय आणि त्या मतदारसंघात ‘सामान्यतः रहिवासी’ असणं. वयाचं भांडण फारसं होत नाही. १९८९मध्ये ते २१वरून १८ झालं आणि विषय मिटला. भांडण आहे ते ‘सामान्यतः रहिवासी’ या दोन शब्दांचं. कायद्याने त्यांची सरळ व्याख्या केलेली नाही. कोण रहिवासी नाही आणि कोणाचं रहिवासीपण जात नाही, एवढंच सांगितलं आहे. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कोणी रहिवासी ठरत नाही. तात्पुरतं बाहेर गेलं म्हणून रहिवासीपण जात नाही. तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात ठेवलेला माणूस तिथला रहिवासी नव्हे. सुरुवातीच्या कायद्यात १८० दिवसांचा दंडक होता, निदान मोजायला काही तरी होतं. पुढे तोही गेला आणि प्रश्न नोंदणी अधिकाऱ्याच्या समजुतीवर आला.

महाराष्ट्रात ही समजूत कशी ताणली जाते ते पाहा. बीडचा ऊसतोड मजूर दसऱ्यानंतर कारखान्याच्या फडावर जातो आणि उन्हाळ्यात परततो. वर्षातले पाच-सहा महिने तो गावात नाही. तरी तो गावचाच, कारण त्याचं जाणं तात्पुरतं. इथपर्यंत कोणाची तक्रार नाही. आता कोकणातला चाकरमानी घ्या. नोकरी मुंबईत, मुलांची शाळा डोंबिवलीत, गावात घर आणि त्याला कुलूप. गणपतीला आणि शिमग्याला ते उघडतं. कायद्याच्या शब्दांप्रमाणे हा माणूस गावचा रहिवासी नाही. घर असणं पुरेसं नाही, हे तर स्पष्टच लिहिलं आहे. पण त्याचं नाव गावच्या यादीतून काढायला गावात कोण जाणार? मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून नेमलेल्या प्राथमिक शिक्षकाला किंवा अंगणवाडी सेविकेला त्याच गावात नोकरी करायची असते. ग्रामपंचायतीत दहा-वीस मतांवर निकाल फिरतो आणि मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या भरून येतात. नावं राहतात.

या गुंत्यात भर पडली २०१०च्या दुरुस्तीने. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येऊ लागलं. म्हणजे दुबईत नोकरी करणारा खेडचा माणूस खेडच्या यादीत कायदेशीरपणे राहू शकतो, आणि डोंबिवलीत नोकरी करणारा त्याचा भाऊ मात्र राहू शकत नाही. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला आयोगाने निवड दिली आहे : आईवडिलांकडचा पत्ता किंवा वसतिगृहाचा. आमदार-खासदार कामासाठी कितीही काळ बाहेर राहिले तरी त्यांचं रहिवासीपण अबाधित, असं कायदाच सांगतो. अपवाद इतके झाले की नियम उरला आहे तो मुख्यतः गरीब स्थलांतरितासाठी. फुटपाथवर झोपणाऱ्याचं नाव घालायचं तर अधिकाऱ्याने रात्री जाऊन, तेही एकाहून अधिक वेळा, तो खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं असतं. बंगल्याला कुलूप लावून वर्षभर बाहेर असणाऱ्याकडे रात्री कोणी जात नाही.

नाव काढण्याचा प्रश्न मुंबईत एकदा फारच चिघळला होता. नव्वदच्या दशकात परकीय असल्याच्या संशयावरून मुंबई-दिल्लीच्या काही वस्त्यांमध्ये मतदारांना नोटिसा गेल्या आणि नागरिकत्व सिद्ध करा असं सांगण्यात आलं. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत अमान्य केली. आधीच्या यादीत नाव आहे याचा अर्थ ते घालताना कोणी तरी तपासलं होतं, तेव्हा त्याला वजन द्या. काढायचं तर कारण सांगा, म्हणणं ऐका, आणि ठरावीक दोन-चार कागदांचाच हट्ट धरू नका. वगळणीवरचा आजचा प्रत्येक युक्तिवाद फिरून याच निकालापाशी येतो.

पुढची वीसेक वर्षं सुधारणांची. १९९३पासून छायाचित्र ओळखपत्र, मग याद्यांचं संगणकीकरण, २००६पासून प्रत्येक भागाला कायमचा केंद्रस्तरीय अधिकारी. यादीच्या पानावर तीस चौकोन आले आणि वगळलेल्या नावावर तिरकं ‘वगळले’ उमटू लागलं. मृतासाठी, स्थलांतरितासाठी, दुबार नोंदीसाठी वेगवेगळी अक्षरं आली. संगणक आला तसे नवे घोळही आले. मराठीतलं नाव इंग्रजीत जाऊन परत मराठीत येताना साठेचे साथे होतात. लग्नानंतर आडनावच नाही, कधी नावही बदलतं. माहेरच्या यादीतली एक आणि सासरच्या यादीतली दुसरी या एकच बाई आहेत, हे संगणकाला कळणार कसं? माहेरचं नाव काढायला नमुना ७ भरायचा असतो. तो भरायचं कोणाच्या डोक्यात येतं?

मग आलं २०१४. लोकसभेच्या मतदानादिवशी पुण्यात आणि मुंबईत असंख्य लोकांना यादीत नाव सापडलं नाही. ओळखपत्र हातात, मागच्या निवडणुकीत मत दिलेलं, आणि नाव गायब. आयोगाकडून जाहीर दिलगिरी आली, प्रकरण न्यायालयातही गेलं. माझ्या मते आजच्या फुगलेल्या याद्यांचं मूळ बरंचसं त्या दिवसात आहे. त्यानंतर कचेऱ्यांत एक गोष्ट पक्की झाली : चुकून राहिलेल्या नावाबद्दल कोणी विचारत नाही, चुकून काढलेल्या नावाबद्दल खुलासा द्यावा लागतो. पंचनामा करा, नोटीस काढा, सुनावणी घ्या, आणि एवढं करून चूक निघाली तर वर्तमानपत्रात फोटो. त्यापेक्षा नाव राहू दे. आधार जोडून दुबार नावं शोधण्याचा प्रयत्न २०१५मध्ये सुरू झाला, तो त्याच वर्षी न्यायालयाच्या आदेशाने थांबला. २०२१च्या कायद्याने आधार परत आला तो ऐच्छिक म्हणून. त्याच कायद्याने वयाची गणना १ जानेवारीऐवजी वर्षातून चार तारखांना होऊ लागली. नावं येण्याची दारं चार झाली, जाण्याचं दार होतं तेवढंच राहिलं.

२०२४मध्ये लोकसभा आणि विधानसभा यांच्यामधल्या काही महिन्यांत राज्याची मतदारसंख्या सुमारे ९ कोटी ३० लाखांवरून ९ कोटी ७० लाखांवर गेली. विरोधकांनी याला घोटाळा म्हटलं, आयोगाने नियमित नोंदणी. पुढच्या वर्षी बिहारमध्ये आयोगाने उलट टोक गाठलं. विशेष सखोल पुनरीक्षणात घरोघरी अर्ज वाटले आणि ऑगस्ट २०२५च्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं कमी झाली. ही नावं कारणांसह जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ऑक्टोबरमध्ये आणखी १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश जाहीर झाले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. इथे अनेक वर्षं रखडलेल्या स्थानिक निवडणुका तोंडावर होत्या.

या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ची विधानसभा यादी धरली गेली. दुबार नावांवरून मुंबईत मोर्चा निघाला, ‘आधी यादी सुधारा, मग निवडणूक घ्या’ अशी मागणी झाली. राज्याच्या आयोगाला नाव काढता येत नसल्याने त्याने मधली वाट काढली. संभाव्य दुबार नावापुढे दोन तारे छापायचे. त्या मतदाराला गाठून कुठल्या केंद्रावर मत देणार ते आधी लिहून घ्यायचं. तो भेटला नाही तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर त्याच्याकडून ‘दुसरीकडे मत दिलेलं नाही, देणार नाही’ असं हमीपत्र घ्यायचं. उपाय कल्पक होता, शंकाच नाही. केंद्राध्यक्षांवर मात्र रांग लागलेली असताना एकेकाची हमीपत्रं भरून घेण्याचं काम आलं.

ते तारे त्या निवडणुकीच्या यादीपुरतेच. मूळ विधानसभा यादीत दोन्ही नोंदी तशाच असतात, कोणी तरी नमुना ७ भरेपर्यंत किंवा नोंदणी अधिकारी स्वतःहून नोटीस काढेपर्यंत. पुढच्या वेळी यादी फोडायला घेतली की त्या पुन्हा त्याच टेबलावर येतील.