अभ्यास आणि सेवा : मुंबईतील परिसराधारित शिक्षणाची पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांनी आपल्या परिसराचा अभ्यास करावा आणि त्याच अभ्यासातून तिथल्या लोकांच्या उपयोगी पडावे, ही कल्पना मुंबईला नवी नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची सूत्रे पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकाराकडे आली. शहरासाठी काही योजण्याआधी तिथली भूमी, व्यवसाय आणि माणसे यांची प्रत्यक्ष फिरून पाहणी केली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आधी पाहणी आणि मग उपाय, हा क्रम आजच्या विद्यार्थी-प्रकल्पांनीही सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

गेडिस यांचा मुंबईतील कार्यकाळ १९२४ मध्ये संपला. पुढे १९२६ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ हे वस्तीकेंद्र उभे केले आणि १९३६ मध्ये आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची पूर्वज असलेली, समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था याच केंद्रात सुरू झाली. या शिक्षणात क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. दाट लोकवस्तीच्या मधोमध वर्ग भरत असल्याने पुस्तकातला प्रश्न आणि दाराबाहेरचा प्रश्न यांत अंतर उरत नव्हते, आणि मुंबईच्या या परंपरेतील हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून पुढे आलेल्या ‘नई तालीम’ या गांधीजींच्या शिक्षणविचाराने हस्तव्यवसाय व परिसर यांना शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. मात्र गिरणगावातील मुलाच्या अवतीभवती टकळीपेक्षा गिरणीच अधिक होती, त्यामुळे महानगरासाठी त्या विचाराची वेगळी मांडणी व्हायला हवी होती.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये आली. वर्षाला १२० तास सेवा आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, ही तिची रचना. तिने असंख्य तरुणांना समाजात नेले, तरी सेवेचे तास आणि विषयाचा तास यांची वही वेगळीच राहिली, शिवाय शिबिर बहुधा दूरच्या दत्तक गावात होत असल्याने महाविद्यालयाच्या भिंतीलगतची वस्ती दुर्लक्षित राहू लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांनी पर्यावरण हा विषय सक्तीचा केला, पण प्रकल्प अनेकदा वहीपुरताच उरला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प व समाजसहभाग यांना आता श्रेयांक मिळतात, त्यामुळे नागपाड्यात एकत्र असलेले अभ्यास आणि सेवा पुन्हा एकाच गुणपत्रिकेवर आले आहेत.