अल्पसंख्याक भाषांतून विद्यापीठीय शिक्षण (भारत) : विधी-इतिहास

राज्यातील बहुसंख्याकांच्या भाषेहून वेगळ्या भाषेत महाविद्यालयीन अध्यापन आणि विद्यापीठीय परीक्षा व्हाव्यात, या हक्काचा कायदेशीर विकास. संविधानाचा अनुच्छेद ३५०-क प्राथमिक शिक्षणापुरताच आहे. पदवीच्या पातळीवर आधार आहे तो अनुच्छेद २९(१) (आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क) व ३०(१) (अल्पसंख्याकांचा आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालवण्याचा हक्क) यांचा.

हक्काचा उगम बहुधा गुजरात विद्यापीठ वि. मुधोळकर (१९६२) या निकालात दाखवला जातो. मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने केलेल्या १९४९ च्या अधिनियमाने या विद्यापीठाला गुजराती व हिंदी माध्यमांना चालना देण्याचा अधिकार दिला होता. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजी तुकडीत प्रवेश नाकारला गेल्याने वाद न्यायालयात गेला. चालना देण्याच्या अधिकारात एकच माध्यम लादण्याचा अधिकार येत नाही, असे बहुमताने ठरले, न्या. सुब्बा राव यांचे मत भिन्न होते. मात्र सर्वोच्च न्यायालयातला खरा खल अल्पसंख्याकांच्या हक्कांवर झालाच नाही. शिक्षण तेव्हा राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत (नोंद ११) होते, तर उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय संघसूचीत, म्हणजे संसदेच्या यादीत (नोंद ६६). माध्यम बदलल्याने दर्जाला बाध येत असेल, तर राज्याचा कायदा तेवढ्यापुरता टिकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती (केंद्र व राज्य दोघांच्या) सूचीत गेले. नोंद ६६ चे वर्चस्व कायम राहिले.

म्हणून उगम डी.ए.व्ही. महाविद्यालय, भटिंडा वि. पंजाब राज्य (१९७१) या निकालात मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शासनाच्या अधिसूचनेने आर्य समाजाशी संबंधित हे महाविद्यालय पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाला सक्तीने जोडले गेले होते; दुसऱ्या विद्यापीठाची संलग्नता घेण्याची मोकळीक नव्हती. अशा स्थितीत विद्यापीठाने गुरुमुखी लिपीतील पंजाबी हेच पूर्व-विद्यापीठ (पदवी अभ्यासक्रमाआधीच्या) वर्गाचे एकमेव माध्यम ठरवले. माध्यमाची निवड हा अनुच्छेद ३०(१) मधील हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. देवनागरी ही आर्य समाजाची वेगळी लिपी आहे, हेही मान्य झाले. पंजाबीच्या अभ्यासाला उत्तेजन देण्यास हरकत घेतली गेली नाही, हे महत्त्वाचे. राज्यभाषेची वाढ आणि अल्पसंख्याकांचे स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात.

महाविद्यालय काढता येते, पण पदवी देण्याचा अधिकार कायद्यानेच मिळतो. त्यामुळे स्वतंत्र विद्यापीठासाठी भाषिक समाजाला विधिमंडळ किंवा संसदेवर अवलंबून राहावे लागते. उर्दूसाठी संसदेने १९९६ मध्ये अधिनियम करून हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन केले.

शिक्षणसंस्था चालवण्याच्या हक्काविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या टी.एम.ए. पै निकालाने (२००२) अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरवले. त्यानुसार महाराष्ट्रात गुजराती व सिंधी भाषक, तर कर्नाटकात मराठी भाषक भाषिक अल्पसंख्याक ठरतात.