नळदुर्ग की परंडा? आधी महिना बघा, मग गाडी काढा

धाराशिव जिल्ह्यातला तो तोफांचा भुईकोट किल्ला, असं नुसतं म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यासमोर नळदुर्ग येतो आन निम्म्यांच्या परंडा. साहजिक आहे, जिल्हा एकच, तट-बुरूज-खंदक सगळीकडं तेच, इतिहासात नावंही तीच फिरून फिरून, बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, आणि रीलमध्ये तर फोटो एकाचा आन नाव दुसऱ्याचं हे सर्रास चालतंय. मग पुण्याकडचे पाहुणे विचारायलेत की शनिवार-रविवार दोन्हीतलं चांगलं कोणतं. मला विचाराल तर आधी महिना कोणता चाललाय ते सांगा, मग बोलू.

नळदुर्ग म्हणजे पाणी. बोरी नदी किल्ल्यातूनच काढलीये, एका बाजूला मुख्य किल्ला, पलीकडं रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला, आणि दोन्हीला जोडणारा दगडी बंधारा, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच खोल्या, तोच पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली हे काम झालं. नदी वाहायला लागली की बंधाऱ्यावरून दोन जागी पाणी खाली कोसळतं, त्याला नर आणि मादी म्हणतात, आन तुम्ही आत उभं राहून समोरून पडणारं पाणी बघायचं. चारशे वर्षांमागं त्या कारागिरांनी भिंतीचा, पाण्याच्या दाबाचा हिशोब कसा जमवला असंल याचा विचार केला की डोकं चक्रावतं राव. पण, आणि हा पण लई मोठा आहे, हे सगळं कधी दिसतं? वरचं बोरी धरण भरून वाहायला लागलं तरच. ज्या वर्षी पाऊस बरा झाला त्या वर्षी ऑगस्टनंतर, कधी सप्टेंबर-ऑक्टोबरात. कमी पावसाच्या वर्षी नर नाही आन मादी नाही. एप्रिलमध्ये गेलात तर उन्हात तापलेली भिंत बघून येताल आणि घरी सांगताल की एवढं काही नाही तिथं. तेव्हा आधी धरणाची बातमी बघा मग निघा. आणि पाणी जोरात असलं तर आत उतरायचा हट्ट करू नका.

बाकी उन्हाळ्यातही उपळी बुरूज आहे, उंचच उंच, वरती लांबलचक तोफा, चढलात की सगळा किल्ला पायाखाली दिसतो. नवबुरूज आहे, कमळाच्या पाकळ्यांसारखा घडवलेला. एकेकाळी जिल्ह्याचं ठाणंच नळदुर्गला होतं, मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी इथंच राहून कारभार बघायचा. आणि पोलीस ॲक्शनमध्ये, 13 सप्टेंबर 1948 ला, भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हैदराबाद संस्थानात घुसली तेव्हा सुरुवातीची झटापट नळदुर्गलाच झाली. आमच्याकडं 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, झेंडावंदन होतं ते का, हे पोरांना सांगायला याहून बरी जागा नाही.

परंड्याला यातलं काहीच नाही. पाणी बघायला तिकडं जाऊ नका. परंडा म्हणजे तोफा आणि तट, सावकाश बघायचा किल्ला. आकारानं लहान, पण दुहेरी तटबंदी, भोवती खंदक, एकामागं एक दरवाजे, आन बुरुजांवर अजून जागच्या जागी पडलेल्या तोफा, त्यांच्यावरची नक्षी आणि फारसी अक्षरं हात लावून बघता येतात (चढून बसू नका एवढंच). 1600 मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरनं निजामशाही परंड्यातूनच परत उभी केली होती, म्हणजे आता शांत दिसतंय त्या गावात काही काळ राजधानी होती. 1634 ला शहाजहानचा पोरगा शुजा एवढी मोठी फौज घेऊन आला आन वेढा उठवून हात हलवत परत गेला.

आणि गडबड इथंच होते. मुलुख-ए-मैदान तोफ बघायला म्हणून लोक परंड्याला येतात. तोफ होती इथं, खरंय, 1549 ला अहमदनगरात ओतली, मग परंड्याला आणली, पण 1632 ला ती विजापूरला गेली ती गेलीच, अजून तिकडंच आहे. तिच्यासाठी परंड्याला येऊ नका, राहिलेल्या तोफांसाठी या.

परंड्याचा महिना डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यात आत गवत एवढं माजतं की पाय कुठं पडतोय कळत नाही, आणि उन्हाळ्यात तटावर सावलीचं नाव नाही.

गावांचं म्हणाल तर नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद हायवेवर, त्यामुळं चहा, जेवण, लॉज सगळं मिळतं, पण ट्रकचे हॉर्नही मिळतात. पुण्याहून तीनशेच्या जवळपास किलोमीटर. परंडा आडबाजूला, टेंभुर्णी-कुर्डुवाडीकडून गेलात तर दोनशेच्या थोडं वर, पण मुक्कामाला बार्शी बरी, तिथं भगवंताचं दर्शनही होतं. देवाधर्माची आवड असंल तर परंडा तालुक्यात डोमगावला समर्थांच्या कल्याणस्वामींची समाधी आहे, सीना नदीकाठी. परतीला भूमकडून फिरलात तर कुंथलगिरीचा पेढा घ्या, खव्याचा हा पट्टाच आहे, तिथला पेढा खाल्ल्यावर शहरातल्या बॉक्समधल्या पेढ्याला पेढा म्हणू वाटत नाही.

नळदुर्गचा खंडोबा मात्र कॅलेंडर बघूनच. मूर्ती एकच आणि देवळं दोन, वर्षातले बहुतेक महिने देव शेजारच्या अणदूरला असतो, मार्गशीर्षात नळदुर्गला येतो आणि पौष पौर्णिमेची मोठी यात्रा झाल्यावर परत अणदूरला जातो.

दोन्ही एकाच वीकेंडला करायचा विचार असंल तर जमतं, पण दमछाक होते, शनिवारी परंडा करून बार्शीला मुक्काम, रविवारी तुळजापूरवरून नळदुर्ग. फक्त रविवारी तुळजापुरात भवानीच्या दर्शनाला तुफान गर्दी असते आणि नवरात्रात तर विचारूच नका, तेव्हा गावात गाडी घालण्याआधी नाश्ता उरकून घ्या.