तापलेले पोलाद आणि समुद्राचे मीठ

कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्याला गंज नवा नसतो. खिडक्यांचे गज आणि दारांच्या बिजागऱ्या पाहता पाहता तांबूस होतात. त्यामुळे गंजण्यासाठी ओल हवीच, तापलेल्या कोरड्या धातूला गंजाचे भय नाही, असा समज पक्का झाला आहे. दुसरा समज असा, की स्टेनलेस स्टील वापरले की प्रश्न मिटला. समुद्रावरील गॅस टर्बाइनमध्ये हे दोन्ही समज टिकत नाहीत.

माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि नोव्हेंबर २०२१मध्ये नौदलात दाखल झालेली आयएनएस विशाखापट्टणम् ही विनाशिका गॅस टर्बाइनवर चालते. असे इंजिन खारी, दमट हवा अखंड आत ओढते. कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाताना हवा तापते. अधिक दाबाच्या इंजिनांत मागच्या पात्यांपाशी तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. गाळण्या असूनही मिठाचे सूक्ष्म कण पात्यांवर बसतात. तिथे द्रवरूप पाणी उरत नाही आणि मीठही वितळत नाही, कारण त्याचा वितळणबिंदू ८०१ अंश आहे. उरतात घन मीठ, प्राणवायू आणि वाफ, आणि तेवढ्यावरही पोलाद खाल्ले जाते.

स्टेनलेस स्टीलमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असते. त्याच्या ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा खालच्या लोखंडाला वाचवतो. मीठ नेमके या पापुद्र्यावरच घाला घालते: मिठातील सोडियम, पापुद्र्यातील क्रोमियम आणि हवेतील प्राणवायू यांपासून पिवळे सोडियम क्रोमेट बनते, तर सुटलेल्या क्लोरिनला वाफेतील हायड्रोजन मिळून हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो. वाफेमुळे ही क्रिया फार सुकर होते. क्रोमेटला राखण करता येत नाही; पापुद्रा सच्छिद्र होतो.

खरी करामत पुढे आहे. क्लोरिन, स्वतः किंवा हायड्रोजन क्लोराइडच्या रूपाने, भेगांतून धातूपर्यंत पोहोचतो. तिथे प्राणवायू तुटपुंजा असल्याने लोखंडाचे क्लोराइड बनू शकते. या उष्णतेत त्याची थोडी थोडी वाफ होऊन ती बाहेर सरकते, आणि प्राणवायू मुबलक असलेल्या थरात पोचताच तिचे भुसभुशीत ऑक्साइड होऊन क्लोरिन पुन्हा मोकळा होतो. त्यातील काही हवेत निघून जातो, काही परत आत शिरतो. हमालाने एकेक पोते बाहेर टाकून रिकाम्या हाताने गोदामात परतावे, तसे हे चालते. म्हणूनच चिमूटभर मीठ त्याच्या वजनाच्या मानाने फार मोठी हानी करते.

चीनमधील शेनयांग येथील धातुसंशोधन संस्थेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस ५०० ते ७०० अंशांवर असे प्रयोग झाले. नुसते मीठ आणि नुसती वाफ यांच्या परिणामांची बेरीज केली, तरी दोन्ही एकत्र असताना झालेले नुकसान त्याहून अधिक होते. क्रोमियम वाढवणे हाही खात्रीचा उपाय नाही, कारण शुद्ध क्रोमियमसुद्धा या माऱ्यातून सुटत नाही. म्हणून ‘नॅनो’ लेपाच्या ‘आजन्म गंजमुक्ती’च्या जाहिराती मला अशास्त्रीय वाटतात: तापमान किती, भोवतालचा वायू कोणता आणि साचलेला क्षार कोणता, हे न सांगता केलेल्या दाव्याला अर्थ नाही.

प्रत्यक्षात पात्यांवर ॲल्युमिनियमयुक्त लेप देतात आणि कॉम्प्रेसर गोड्या पाण्याने नियमित धुतात. ही धुलाई वेळेवर व्हावी लागते. मीठ पृष्ठभागावर आहे तोवर ते पाण्याबरोबर निघून जाते. ऑक्साइडच्या थराखाली बनलेले क्लोराइड मात्र सहज निघत नाही, आणि इंजिन थंड पडले की तेच हवेतील दमटपणा शोषून खिडकीच्या गजांवरचा ओळखीचा गंज तिथे सुरू करते.